बंद कोणी करायचं

श्रीपती: खिडकीतून बाजूला हो, आर्या. तू बघत्येस ते त्यांना दिसतंय.

आर्या: दिसू दे. मी लपून नाही बघत.

श्रीपती: लपत नाहीस, पण बाहेरही जात नाहीस. बाया टेम्पोतून उतरल्या त्या थेट फणसाखाली जाऊन बसल्या. हॉलमध्ये पाय टाकलान् नाही एकीनंही. मिरजोळ्यात शेड घातल्यापासून ऐन मे महिन्यात हा हॉल इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता.

आर्या: मीही नाही, बाबा.

श्रीपती: आणि आंबा? आत्ताच पिकवणीच्या खोलीत जाऊन आलो. दार उघडलं तर वास अंगावर आला. आज कापला नाही तर उद्या त्याचा पल्प निघायचा नाही, गुरांपुढे ठेवायला आंबोण होईल आंबोण.

आर्या: माहीत आहे मला.

श्रीपती: मग मी जातो बाहेर. दोघींवर ओरडेन, चौघींच्या घरची चौकशी करीन. उठतील. भाऊ आले म्हटल्यावर उठतील.

आर्या: नाही. तुम्ही जायचं नाही.

श्रीपती: का? पाय मोडलेत माझे?

आर्या: तुम्ही गेलात तर त्या तुमच्यासाठी उठतील. पुढच्या वेळी काही झालं की परत तुमचीच वाट बघत बसतील. तुमच्या हार्टच्या ऑपरेशनच्या वेळी आठवतंय ना? तुम्ही मुंबईत आयसीयूत, आणि बॉयलर पेटवायचा की नाही हे विचारायला इथून आईला फोन. अर्धा सीझन हातचा गेला. म्हणून तर मला पुण्याहून बोलावून घेतलंत. कारखाना माणसावर नको, पद्धतीवर चालायला हवा, असं तुम्हीच म्हणाला होतात.

श्रीपती: म्हणालो होतो. नाही कुठे म्हणतोय? पण तुझ्या पद्धतीनं काल एका पोरीचा हात पल्परात घातलान्, त्याचं काय?

आर्या: पद्धतीनं नाही घातला! बाबल्यानं जाळी काढून ठेवली होती. पल्परच्या तोंडावरची जाळी, हात आत जाऊ नये म्हणूनच बसवलेली. फिटरनंच ती काढली, कोणाला न सांगता. आत साल अडकली, नम्रतानं ती काढायला हात घातला आणि... म्हणून मी बाबल्याला कालच्या काल कामावरून काढलं. मग काय करायला हवं होतं? हार घालायचा होता त्याला?

श्रीपती: काढलंस ते चूक असं मी म्हटलेलं नाही. काढल्यावर पुढचं निस्तरायची तयारी हवी, एवढंच. ती मी करून ठेवल्ये.

आर्या: कसली तयारी?

श्रीपती: सकाळी शिवाशी बोललो. लेबर काँट्रॅक्टर. उद्या माणसं आणून उभी करतो म्हणाला. सगळी परमुलखातली. कोणाची जाऊ नाही, कोणाची मावळण नाही. एकीला लागलं म्हणून दुसरी उठून फणसाखाली जाणार नाही.

आर्या: कोणाला विचारून बोललात?

श्रीपती: माझ्या कारखान्याचं बोलायला मी कोणाला विचारू?

आर्या: ज्या बायका तुमच्याकडे वर्षानुवर्षं येतायत, त्यांना उद्या गेटवरून परत पाठवणार तुम्ही?

श्रीपती: त्या आत येणार असतील तर कशाला पाठवीन? आणि दुपारी तो विनीत यायचाय, तो काय बघणार? रिकामी टेबलं? त्याच्या कंपनीनं पल्पची ऑर्डर दिली तर सीझन तरला, नाहीतर संपलं. त्याला फोन कर. सांग, लाइट गेल्ये. रत्नागिरी आहे म्हटल्यावर शंकासुद्धा घ्यायचा नाही.

दर्शना: भाऊ, येऊ का आत?

आर्या: ये दर्शना. बस.

दर्शना: बसत नाय ताई. काचेतना दिसता सगळा. बसले तर बायांना वाटंल, ही तिकडची झाली.

श्रीपती: सुपरवायझर आहेस ना तू? मग तू कोणाकडची?

दर्शना: ताच तर, भाऊ. फणसाखाली बसवत नाय, नि हितं खुर्चीवर पन बसवत नाय. म्हनून उभीच हाय सकाळपासना.

आर्या: काय म्हणतायत त्या?

दर्शना: बाबल्याला परत घ्या म्हनतायत. तो येईल तवा आमी येऊ.

आर्या: त्याच्यामुळे नम्रताचा हात गेला असता, आणि त्याच्यासाठी—

दर्शना: ताई, तुमी त्याला काडलात ता कसा काडलात, म्हाईत हाय तुमाना?

आर्या: मेसेज केला. फोन उचलत नव्हता.

दर्शना: कसा उचलंल? नम्रताला तोच घेऊन गेला ना. सोताचा शर्ट काडून तिच्या हाताला बांधलान, उचलून टेम्पोत घातलान. हितल्या डॉक्टरनी कोल्हापूरला न्या म्हटल्यावर अँब्युलन्समदी पन तोच चडला. गाडी आंबा घाटात होती तवा तुमचा मेसेज आला. तिचा बरा हात ह्याच्या हातात. दुसऱ्या हातानं वाचलान.

श्रीपती: अरे देवा.

दर्शना: वाचलान नि खिशात टाकलान. तिला काय बोलला नाय. तिच्या नवऱ्याला मुंबैला फोन लावायला मोबाईल दिलान, तवा तिनंच तो बगितलान. घाटातना तिनं आमाना सांगितलान. पोरीचा हात तसा फाटलेला, नि ती रडत होती बाबल्यासाठी.

आर्या: हे मला कोणीच सांगितलं नाही.

दर्शना: कोन सांगनार? तुमी काल सगळ्यांना फोन केलात. जाळी कोनी काडली, एवडाच इचारलात.

आर्या: कारण तेच महत्त्वाचं होतं! दर्शना, तो भला माणूस असेल. आहेच. पण ती जाळी जागेवर असती तर आज नम्रता तुझ्याबरोबर बाहेर बसलेली असती. ती त्यानं का काढली?

दर्शना: आमी सांगितला म्हनून.

आर्या: आमी म्हणजे?

दर्शना: पयल्या टेबलावरच्या पोरींनी. मंग दुसऱ्या. आनि मी. मी पन सांगितला.

श्रीपती: अगो, तू सुपरवायझर ना?

दर्शना: जाळी असली का साल अडकली की पल्पर बंद करायचा, बोल्ट काडायचे, साल काडायची, परत बसवायची. तवर शेजारचा टेबल पुडं जातो. सांजच्याला तुमी लावलेल्या आकड्यांच्या बोर्डावर आमचा नाव खाली. लाल खडूनं. नि ता लाल नाव सगळ्या टेम्पोत वाचून दाखवतात, ताई. घरापरेंत.

आर्या: तो बोर्ड कोणाला लाजवायला नव्हता लावला. गेल्या सीझनपासून खराब डबे किती कमी झाले! हे खोटं आहे का?

दर्शना: खोटा कशाला बोलू? बरा वाटला पयल्यांदा. आमचा टेबल वर आला का पोरी टाळ्या मारायच्या. पयल्यांदाच कोनीतरी आमचा काम भिंतीवर लिवलान होता. मंग हळूहळू टाळ्या संपल्या, नि खाली जायची भीती तेवडी राह्यली.

आर्या: मग हे मला का नाही सांगितलंस? रोज संध्याकाळी तू माझ्यासमोर इथे उभी असायचीस. रोज! एकदासुद्धा तोंड उघडलं नाहीस.

दर्शना: तुमी आकडे इचारायच्यात. मी आकडे सांगायची.

आर्या: हे उत्तर नाही झालं. जाळीशिवाय पल्पर चालतोय हे तुला माहीत होतं. ती तुझी जबाबदारी होती.

दर्शना: होती. होतीच. काल दुपारी नम्रताला हात चालव गो म्हनून वरडले ती पन मीच. ती खाली वाकली होती, माना वाटला टंगळमंगळ करते. वरडले, नि तिनं हात घातलान. आता बोला काय बोलायचा ता.

श्रीपती: रडू नकोस. पाणी पी. आर्या, तिला पाणी दे.

दर्शना: नको. काचेतना दिसता.

श्रीपती: म्हणून मी म्हणत होतो, हे बोर्डबिर्ड नकोत. माझ्या वेळी मी हॉलमधून नुसती एक फेरी मारायचो. कुठे काय बिनसलंय ते नाकाला कळायचं. माझ्यासमोर कोणाची जाळी काढायची हिंमत झाली असती?

दर्शना: भाऊ, रागावू नका. तुमच्या वेळी तुमी येताय म्हटला का सगळा जागच्या जागी. तुमी गेलात का परत तसाच. ताईंना आकडा हवा, तुमाना दरारा. आमाना सांगायचा होता ता दोगांना पन नको होता.

श्रीपती: बघ, बोलायला लागली.

आर्या: बोलू दे.

दर्शना: फोन... रितेशचा हाय, ताई. नम्रताचा नवरा. घेते हां. हालो? हां, बोल रितेश. पोचलास? ...तू बगितलास तिला? ...कधी भायेर आनली? ...हां. ...हां. डॉक्टर काय म्हनाले? ...अंगठा? ...नि बाकीची? ...नीट सांग, वरडू नको. ...बरा. बरा. बाबल्या हाय का तितं? त्याला काय खाया दे. कालपासना उपाशी असंल तो. ...ठेवते.

आर्या: काय झालं?

दर्शना: अंगठा नि पयली दोन बोटा जोडली. राहतील म्हनतायत. करंगळी नि तिच्या शेजारचा... ती नाय राह्यली.

श्रीपती: उजवा हात?

दर्शना: उजवाच, भाऊ.

आर्या: ...दर्शना, बोर्ड आत्ता उतरवू आपण. आणि आजपासून पल्परचं लाल बटण कोणीही दाबायचं. सुपरवायझरला विचारायचं नाही, कारण लिहायचं नाही. ज्या बाईला वाटेल तिनं मशीन बंद करायचं. हा अधिकार मी प्रत्येकीला देते.

दर्शना: नको.

आर्या: नको?

दर्शना: ता आमच्या गळ्यात नका बांधू. तुमी द्याल, तुमचा मन मोठा. पन मी बटन दाबला नि आमचा टेबल मागं पडला, तर टेम्पोत माज्या शेजारी कोन बसंल? बोर्ड नसला तरी बाया मोजतात. डोळ्यांनी मोजतात. बंद करनारीच वायट ठरते, ताई. मशीन कदी वायट ठरत नाय.

श्रीपती: ऐकलंस? त्यांनाच नकोय. लगाम दहा हातांत दिला तर गाडी जायची कुठे? कोणीतरी एकानं धरायला लागतो. पुण्याच्या कॉलेजात काहीही शिकवू देत.

आर्या: थांबा बाबा. दर्शना, एक पल्पर बंद झाला तर त्याचंच टेबल मागं पडतं. बरोबर?

दर्शना: होय.

आर्या: आणि एक बंद झाला की सगळेच बंद झाले तर?

दर्शना: सगळे म्हंजे?

आर्या: आख्खा हॉल. कुठलंही बटण दाबलं तरी सगळी लाइन थांबेल. पॅनलमध्ये तशी जोडणी करता येते, बाबल्यानंच मला एकदा दाखवलं होतं. मग मागं कोण पडणार? कोणीच नाही.

श्रीपती: वेड लागलंय का तुला? एका बाईला शिंक आली तर आख्खा कारखाना थांबवायचा?

आर्या: थांबवायचा.

श्रीपती: पाश्चरायझरमध्ये गरम झालेला पल्प तसाच राहील. डबे उघडे राहतील. दिवसाचं काम निम्म्यावर येईल.

आर्या: सुरुवातीला येईल.

श्रीपती: आणि त्या रोज गंमत म्हणून दाबतील!

दर्शना: गमतीनं नाय दाबनार, भाऊ. सगळ्या पोरी बगत असताना कोन दाबंल गमतीनं? उलट दाबायला हात उचलायचा नाय.

आर्या: म्हणजे तुला पटतंय?

दर्शना: पटला असा नाय म्हनत. येगळा हाय, एवडाच. भायेर जाऊन तुमी सांगा. माज्या तोंडनं नको.

श्रीपती: बाहेर जाऊन काय सांगणार? माफी मागणार? ते मात्र करू नकोस. उद्या कोर्टात उभं राहावं लागेल तेव्हा हीच माफी समोर आणतील.

दर्शना: माफी नका मागू ताई. कोर्टासाठी नाय. तुमी हात जोडलात का त्यांना उठायलाच लागंल. मालकीन हात जोडते नि आपन बसून राह्यलो, असा कोनाला जमत नाय आमच्यात. मनात राग तसाच ठेवून उठतील. त्यापेक्षा बसा त्यांच्यात, नि इचारा. काय काय बोलतील ता आयका. लई बोलतील.

आर्या: आणि बाबल्याला परत घेतेय. त्याला मेसेज नाही करणार. संध्याकाळी कोल्हापूरला जाईन, समोर उभी राहून सांगेन. जाळी काढल्याबद्दल त्याला जे बोलायचं तेही समोरच बोलेन.

श्रीपती: घेतलंस! म्हणजे फणसाखाली बसलं की हवं ते मिळतं, हे शिकवलंस त्यांना. आर्या, मी हा कारखाना एका कढईवर सुरू केलाय. आज तू मान खाली घातलीस तर ती परत वर होत नाही. शिवाची माणसं उद्या येतायत. मी त्याला नाही म्हणणार नाही.

आर्या: मग चाव्या परत घ्या.

श्रीपती: काय?

आर्या: टेबलावर ठेवल्यात. दर्शनासमोर घ्या, म्हणजे तिला बाहेर जाऊन सांगता येईल, की आजपासून भाऊ बघणार. मी रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाते. रागानं नाही म्हणत. तुमच्या पद्धतीनं कारखाना चालवायला तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी चांगले आहात. पण एकाच गाडीला दोन हाकणारे झाले, तर मधल्या मध्ये ह्या बायका चिरडल्या जातील. काल चिरडलीच गेली एक.

श्रीपती: तू मला माणसांसमोर हे बोलत्येस.

आर्या: हो. कारण माणसांसमोरच ठरायला हवं.

दर्शना: मी भायेर थांबते, भाऊ.

श्रीपती: थांब इथेच. कुठे जाऊ नकोस. ...माझ्या छातीला चीर दिल्यापासून मी दोन जिने चढू शकत नाही, हे हिला माहीत आहे. म्हणून चाव्या टेबलावर ठेवत्ये.

आर्या: तसं नाही, बाबा.

श्रीपती: तसंच आहे. आणि तसं असलं तरी चूक नाही. ...उचल त्या. उचल म्हणतो ना! शिवाला मी कळवतो. पण माझं एक ऐक. आख्खा हॉल थांबवायचं हे खूळ उद्यापासून कर. आज विनीत यायचाय. आजचा दिवस सरळ जाऊ दे.

आर्या: आजच करायला हवं. तो असतानाच.

श्रीपती: का?

आर्या: पाहुण्यासमोर नाही चालणार, असं आज सांगितलं तर त्या उद्या कशाला विश्वास ठेवतील?

श्रीपती: जा. कर हवं ते. मी हॉलमध्ये येत नाही. मला बघवायचं नाही.

आर्या: दर्शना, चल. नाही, थांब. तू पुढे जा. आपण दोघी एकत्र बाहेर पडलो तर तुला परत तिथे उभं राहता येणार नाही.

(दुपार. बाहेरून इलेक्ट्रिशियन आणून पॅनलची जोडणी करून घेतली आहे. बायका टेबलांवर परतल्या आहेत, पल्पर चालू आहेत. मुंबईहून आलेले विनीत आर्याबरोबर हॉल बघत आहेत. ते हलक्या आवाजात बोलतात, त्यांचं बोलणं पल्परच्या आवाजात ऐकू येत नाही. श्रीपती दारात उभे आहेत.)

आर्या: ह्या बाजूनं या, विनीतजी. टोपी जरा पुढे ओढा. इथे आंबा धुतला जातो, पुढे त्या टेबलांवर देठ काढून कापतात. ...बाबा, तुम्ही येणार नव्हता ना?

श्रीपती: मी दारात आहे. दार हॉलमध्ये धरत नाहीत.

आर्या: ...काय म्हणालात, विनीतजी? तो कोपऱ्यातला पल्पर? हो, तो बंद आहे. काल तिथे आमच्या एका मुलीचा हात अडकला.

श्रीपती: आर्या!

आर्या: जाळी काढलेली होती. नम्रता नाव तिचं. कोल्हापूरला ऑपरेशन झालं. दोन बोटं गेली. ...हो, काल. ...नाही, आज सकाळी काम बंदच होतं. ह्या सगळ्या बाहेर बसल्या होत्या. मीही बसले होते त्यांच्यात, ऊन डोक्यावर येईपर्यंत. ...मला लपवता आलं असतं, पण तुमची माणसं वर्षभर इथे येणार-जाणार, कधीतरी कळलंच असतं. आणि कळलं नसतं तरी.

श्रीपती: संपलं. आता काय राहिलं दाखवायचं?

आर्या: भिंतीवरचा तो चौकोन ना? तिथे बोर्ड होता. काढला. ...नाही, त्याच्या जागी अजून काही ठरवलेलं नाही. जे ठरेल ते त्यांच्याबरोबर बसून ठर—

श्रीपती: काय झालं? लाइट गेली?

दर्शना: लाइट नाय, भाऊ. दिवे चालू हायत.

श्रीपती: मग सगळं कसं थांबलं? कोणी बंद केलंन्?

दर्शना: काशीनं. मदल्या पल्परवर हाय ना, ती. हात अजून बटनावरच हाय तिचा.

आर्या: काशीताई, काय झालं?

दर्शना: लई हळू बोलते, ताई. ...काय गो काशी? ...म्हनते, आतना आवाज येगळा आला. घासल्यासारा.

आर्या: उघड. जाळी सोडव, आत बघ.

श्रीपती: पाश्चरायझरमध्ये पल्प तापलेला आहे, आर्या. वास बदलेल.

आर्या: बदलू दे. दर्शना, दिसतंय काही?

दर्शना: बाठा नाय. साल नाय. पातं बरोबर फिरता. जाळी पन घट्ट होती. काय नाय, ताई. काय पन नाय.

श्रीपती: काही नाही! काही नाही आणि आख्खा हॉल—

आर्या: बाबा.

श्रीपती: मी बोलत नाही. बोललो का मी?

दर्शना: ताई, बाया बगतायत तुमच्याकडं. सगळ्या.

आर्या: काशीताई, कुठल्या बाजूनं आला आवाज? मला दाखवा. इथून? थांबा, मी कान लावते. सगळ्यांनी हात मागे घ्या. दर्शना, जाळी परत बसव आणि चालू कर. ...मला नाही ऐकू येत. तुला?

दर्शना: नाय.

आर्या: काशीताई?

दर्शना: तिला पन नाय आला आता. म्हनते, भास झाला असंल. नम्रताच डोळ्यासमोर होती म्हनते सकाळपासना. माफ करा म्हनते.

आर्या: माफी कशाची? तुम्ही तुमचं कामच केलंत, काशीताई. तुम्हाला वाटलं, तुम्ही थांबवलंत. मलाही सकाळपासून तीच दिसतेय.

श्रीपती: आर्या, विनीतराव विचारतायत, असं किती वेळा होतं?

आर्या: सांगा त्यांना, आज पहिल्यांदा झालं. पुढे किती वेळा होईल ते मला माहीत नाही. लवकर जायचं असेल तर मी सोडायला येते गेटपर्यंत.

दर्शना: ताई...

आर्या: बोल.

दर्शना: काशी म्हनते, अजून एकदा बंद करून खालचा भाग उगडून बगू का? तिच्या मनाचा समाधान होत नाय. पन पाव्हने हायत तर ऱ्हाऊ दे म्हनते.

आर्या: बघू दे. सगळ्यांनी थांबा. बाबा, आता तुम्ही काही बोलू नका, प्लीज.

श्रीपती: मी तुझ्याशी बोलतच नाहीये. विनीतराव, ती खुर्ची ओढा. तिथे नको, इकडे घ्या, ह्या पल्परपाशी. इथून नीट दिसतं.